एक घंटा, दोन हात

मी एक जुना गॅमा कॅमेरा आहे. कॅमेरा म्हटल्यावर तुमचा हात केसांवर गेला असेल, तर राहू द्या, मित्रांनो. माझ्यासमोर कुणी हसून उभं राहत नाही. माझ्याकडे माणसं आडवी येतात, आणि बहुतेक जण तोंड एवढंसं करून येतात. मला दिवा नाही, खटका नाही. माणसाला आधी एक औषध टोचतात. ते अंगात जिथे साठतं तिथून बारीक किरणं बाहेर पडत राहतात. तुम्हाला ती दिसत नाहीत, मला दिसतात. म्हणजे उजेड त्या माणसाचा, मी आपला नुसता बघ्या.

सध्या माझा मुक्काम इस्पितळाच्या तळघरात आहे. मला दोन डोकी होती, माणसाच्या भोवती सावकाश गोल फिरणारी. ती आता काढून एका मोडक्या खाटेवर ठेवली आहेत, अबोला धरलेल्या जावांसारखी, पाठीला पाठ लावून. भंगाराची गाडी आली की निघायचं. तोवर वेळच वेळ आहे, म्हणून सांगतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. माझ्या दोन्ही डोक्यांत एकेक डोळा, आणि प्रत्येक डोळ्यात एक मोठा स्फटिक आहे. तो तुकडे जोडून करता येत नाही, भट्टीत वाढवावा लागतो, अगदी सावकाश. घाई केली की तो गढूळ होतो, आणि एकदम गार हवा लागली की त्याला तडा जातो. भट्टीवरची बाई त्याच्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायची. मला खोक्यात भरताना ती गाडीवाल्याला म्हणाली, "नीट ने रे बाबा. अंगाने थोराड आहे, पण सर्दी झाली की गेला."

इस्पितळात माझी खोली तळमजल्यावर होती. जाड भिंती, जड दार, खिडकी नाही. सगळे तिथे चपला बाहेर काढून यायचे. ज्यांनी मला चालवलं त्या तंत्रज्ञ बाईंना सारं इस्पितळ 'काकू' म्हणायचं. त्यांना ते मुळीच आवडत नसे. "चाळिशी लागली नाही तर काकू! साठीला काय पणजी म्हणणार का?" असं त्या म्हणायच्या, आणि हाक मारली की ओ द्यायच्या. रोज सकाळी शिशाच्या जाड काचेआड हात घालून त्या ते औषध कालवायच्या, आणि मग माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायच्या, "चल रे म्हातारबा, डोळे उघड." तेव्हा मी अगदी नवा होतो. पुढे मी खरोखरच म्हातारा झालो, तेव्हा मात्र त्यांनी ते म्हणणं सोडून दिलं.

माझे पहिले दिवस मोठ्या मानाचे गेले. हाडं पाहिली, गळ्याच्या गाठी पाहिल्या, दमलेली हृदयं पाहिली. दारासमोर माणसं ताटकळत बसायची. मग पलीकडच्या इमारतीत माझ्याहून मोठी, ढणढण वाजणारी यंत्रं आली, आणि रांग तिकडे वळली. हळूहळू माझ्या खोलीत मोडक्या खुर्च्या आल्या, त्यांच्या मागोमाग पुसण्याची बादली आली. यंत्राच्या खोलीत बादली आली की समजावं, आपले दिवस भरत आले.

अशा वेळी मेंदूचे डॉक्टर आले. हळू बोलणारा माणूस. इतकं हळू की काकू म्हणायच्या, "डॉक्टर, माझे कान अजून शाबूत आहेत, पण तुमच्यामुळे जातील." ते अपस्माराच्या रुग्णांना बघायचे. ज्यांना फिट येते, आणि कितीही गोळ्या खाल्ल्या तरी येतच राहते, अशांना. त्यांतल्या काहींच्या मेंदूत एक बिघडलेली जागा असते. फिट तिथून सुरू होते आणि मग सगळीकडे पसरते. ती जागा नेमकी सापडली तर शस्त्रक्रिया करून काढता येते. पण पुष्कळदा ती मोठ्या यंत्रांनाही दिसत नाही. मेंदू शांत असला की ती जागा चांगल्या घरच्या मुलासारखी गप्प बसते.

डॉक्टर एक नवी रीत शिकून आले होते. फिट सुरू होते तेव्हा त्या जागेकडे रक्त धाव घेतं. नेमकं त्याच क्षणी औषध टोचलं, तर ते रक्ताबरोबर तिथे जातं आणि तिथेच चिकटून बसतं. फिट थांबते, माणूस शुद्धीवर येतो, चहा पितो, तरी औषध जागचं हलत नाही. मग त्याला निवांतपणे माझ्याकडे आणायचं. मित्रांनो, तुमचे कॅमेरे समोरचा क्षण टिपतात. मी होऊन गेलेला क्षण टिपायचो. मला याचा फार अभिमान होता, आणि तो मी लपवत नाही.

पुढची गंमत अशी. डॉक्टर शांत दिवसाचाही एक फोटो काढून घ्यायचे आणि फिटच्या फोटोतून तो संगणकावर वजा करायचे. वजाबाकीत जे उरेल ती जागा. पूर्वी दोन फोटो शेजारी धरून नुसत्या डोळ्यांनी ताडून बघायचे आणि अंदाज बांधायचे. आता अंदाज गेला, बोट ठेवता येऊ लागलं.

या रीतीने आम्हाला एका सुताराची जागा सापडली. तो शिडीवर असताना फिट येऊन पडायचा, म्हणून त्याचं काम सुटलं होतं. शस्त्रक्रियेनंतर बऱ्याच काळाने तो हत्यारांची पिशवी घेऊन माझ्या खोलीत आला. कुणाशी फार बोलला नाही. दार कुरकुरत होतं, त्याच्या बिजागऱ्या त्याने बदलल्या, आतल्या बाजूने एक छान पितळी कडी बसवली, ती दोनदा सरकवून पाहिली आणि गेला. काकू म्हणाल्या, "यंत्राच्या खोलीला आतून कडी कशाला हो?" पण काढली नाही. पुसून लख्ख ठेवायच्या.

माझं कौतुक इथे संपलं. आता छोटीची गोष्ट.

छोटी ही आईपेक्षा हातभर उंच मुलगी होती. धाकटी म्हणून लहानपणी छोटी म्हणायचे, ते तसंच राहिलं. कॉलेजात नाव घातलं होतं, पण एकटं जाता येत नसे, म्हणून तेही अर्धवट सुटलं. वडील लांबच्या मालगाड्या चालवायचे, त्यामुळे सगळी भिस्त आईवर. आई शिवणकाम करायची. लोकांचे कपडे घट्ट-सैल करून द्यायची. तिची बोटं सुईने टोचून टोचून खरखरीत झाली होती, आणि दोन्ही हातांच्या पाठीवर काळे-निळे डाग होते. ते डाग सुईचे नव्हते.

लहानपणी शाळेच्या पायरीवर छोटी फिट येऊन पडली होती आणि तिची भुवई फुटली होती. तेव्हापासून आईने एकच विद्या कमावली. छोटीची मान अशी किंचित वळली, डोळे असे वर गेले, की आईचे दोन्ही तळवे तिच्या डोक्याखाली. स्वयंपाकघर असो, रस्ता असो, दुकान असो. जमिनीवर आपटायचे ते आईचे हात. छोटी म्हणायची, "आधी आईचा हात येतो, मग फिट येते. मला तर वाटतं, फिट तिला विचारूनच येते."

पहिल्यांदा त्या शांत दिवसाच्या फोटोसाठी आल्या. माझ्या अरुंद फळीवर छोटीला झोपवताना काकूंनी नेहमीचा प्रश्न विचारला. घाबरलेल्या माणसाला त्या तो विचारायच्याच. "काय गं, बरी झालीस की पहिलं काय करशील?"

"आतून कडी लावून आंघोळ करीन," छोटी म्हणाली.

"बस्स? एवढंच?"

"एवढंच काय, काकू! तुम्ही कधी आईशी गप्पा मारत आंघोळ केलीय का? दार नुसतं लोटलेलं. बाहेर ही स्टुलावर. सारखी विचारते, 'आहेस ना?' मी म्हणायचं, 'आहे.' डोळ्यांत साबण जाऊ दे, नाकात पाणी जाऊ दे, 'आहे' म्हणायचंच. जरा उशीर झाला की ही आत!"

"मग येऊ नको तर काय करू?" आई दारातून म्हणाली. "एकदा बादलीवर पडली होती ही."

"बघा, सगळ्यांना सांगते. अब्रू म्हणून काही ठेवलीय का माझी?"

काकू हसल्या. आईही हसली. मग छोटीने डोळे मिटले आणि माझी दोन्ही डोकी तिच्याभोवती फिरू लागली. फार शहाण्यासारखी पडून राहिली ती. शांत मेंदूचा तिचा फोटो इतका स्वच्छ आला की डॉक्टर स्वतःच्या आवाजात, म्हणजे हळूच, म्हणाले, "वा."

आता फक्त फिट हवी होती.

मित्रांनो, ही वाट बघणं फार विचित्र असतं. ज्या पाहुण्याला जन्मभर उंबऱ्याबाहेर ठेवलं, त्याच्यासाठी दार उघडं टाकून बसायचं. छोटीला वरच्या वॉर्डात ठेवलं, डोक्याला तारा लावल्या, गोळ्या कमी केल्या. हाताला सुई आधीच लावून ठेवली. सिस्टरच्या ताब्यात, शिशाच्या डब्यात, काकूंनी सकाळी कालवलेलं औषध. ते दुपार टळली की निकामी होतं, म्हणून रोज नवं करायचं आणि रोज संध्याकाळी फुकट घालवायचं. सिस्टर एकच आणि खाटा पुष्कळ. म्हणून आईच्या हातात घंटा दिली होती. चाहूल लागली की घंटा दाबायची, सिस्टर धावत येणार आणि टोचणार.

"घंटाच दाबायची," डॉक्टरांनी आईला पुन्हा पुन्हा सांगितलं. "डोकं धरायचं नाही. खाटेला चारी बाजूंनी गाद्या लावल्यात, तिला काही लागणार नाही. आधी घंटा."

"आधी घंटा," आई म्हणाली. तिने ते मनापासून म्हटलं होतं.

फिट आली ती भर सकाळी, औषध ताजं असताना. याहून चांगली वेळ मिळाली नसती. छोटीला माझ्याकडे आणलं तेव्हा ती अर्धवट झोपेत होती, जीभ चावली गेली होती, आणि तरी काकूंना म्हणाली, "आली बरं का एकदाची. आता फोटो चांगला काढा." मी जीव ओतून पाहिलं. माझा एक डोळा त्या सुमारास जरा अंधूक झाला होता हे खरं आहे. पण त्या दिवशी मी नीट पाहिलं होतं. मी शपथेवर सांगेन.

आणि मला काय दिसलं? उजेड. इकडे उजेड, तिकडे उजेड, दोन्ही बाजूंना उजेड. आग कुठे लागली ते बघायला जावं आणि अख्खं घर पेटलेलं दिसावं, तसं. डॉक्टरांनी वजाबाकी केली, तरी उरायचं ते सगळंच उरलं.

वॉर्डाच्या भिंतीवर एक छोटा कॅमेरा असतो, माझा दूरचा भाऊ म्हणा. त्याने टिपलेलं सारं काकूंनी आणि डॉक्टरांनी माझ्याच खोलीतल्या पडद्यावर लावून पाहिलं. आई खाटेशेजारी बसली आहे. हातात घंटा आहे. छोटी काहीतरी सांगत हसते आहे. तिची मान किंचित वळते. आणि आईच्या हातातून घंटा सुटते, चादरीत पडते, आणि आईचे दोन्ही तळवे छोटीच्या डोक्याखाली जातात. त्या मऊ गादीवर, जिथे काहीही लागणार नव्हतं. मग आईला घंटा आठवते. ती एका हाताने चादर चाचपते, दुसरा हात काढवत नाही. मग ती ओरडते. सिस्टर धावत येते, टोचते.

फार उशीर झाला नव्हता. सुईत दोरा ओवायला लागतो तेवढाच. पण फिटला घरभर पसरायला तेवढा वेळ पुरतो.

"आईंना सांगायला हवं," डॉक्टर म्हणाले. "पुढच्या वेळी..."

"मी सांगते," काकू म्हणाल्या. "बायकांचं बायका बघतील."

आई बाहेर बाकावर बसली होती. काकूंनी दार उघडलं आणि तिच्या हातांकडे पाहिलं. मग त्या म्हणाल्या, "फोटो नीट आला नाही हो, ताई. यंत्र म्हातारं झालंय. त्यानेच दगा दिला."

मित्रांनो, माझ्यावर आळ आला. खोटा आळ. पण खरं सांगू? मला तो गोड वाटला. माणसाच्या पाठीवरचं ओझं यंत्राने वाहायचं, याच कामासाठी तर आम्हाला बनवतात. मला वाटलं, चला, म्हातारपणी कामाला आलो.

पण आळ घेण्यातही शहाणपण लागतं, ते आम्हा दोघांना, काकूंना आणि मला, नव्हतं. आई ऐकून घेणाऱ्यांतली नव्हती. मुलीच्या हक्काचा फोटो एका डबड्याने बिघडवला, हे तिच्या जिव्हारी लागलं. ती थेट इस्पितळाच्या मोठ्या साहेबांकडे गेली आणि त्यांना हाताला धरून आणावं तशी माझ्या खोलीत घेऊन आली.

"हेच ते," ती म्हणाली. "माझ्या पोरीने गोळ्या सोडल्या, जीभ फाडून घेतली, आणि याला साधा फोटो काढता येईना? असलं भंगार ठेवता कशाला? उद्या आणखी कुणाच्या लेकराचं वाटोळं करेल!"

मोठे साहेब वाईट नव्हते. पण माझे सुटे भाग मिळत नव्हते, माझी खोली त्यांना दुसऱ्या कामाला हवी होती, आणि नवा कॅमेरा 'पुढेमागे' यायचा होता. त्यांनी मान डोलावली. "बाई, तुमचं म्हणणं रास्त आहे. काकू, खरंच इतकं बिघडलंय का हे?"

काकू आईकडे बघत होत्या. आई काकूंकडे बघत होती, आपली माणूस म्हणून, आता ही आपल्या बाजूने बोलेल म्हणून. काकूंच्या तोंडून शब्द फुटला नाही. आणि गप्प बसणं म्हणजे हो म्हणणं, असं साहेब लोकांच्या जगात असतं.

मला बंद करायचं ठरलं.

डॉक्टरांना कळलं तेव्हा त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला. "अहो काकू, तिचा दुसरा प्रयत्न याच कॅमेऱ्यावर करायचा होता! नवा कधी येणार कुणाला माहीत. दुसऱ्या गावची रांग तुम्हाला ठाऊक आहे."

काकू त्या दिवशी माझ्या फळीवर बसल्या. एरवी त्या कुणाला बसू देत नसत. मग त्यांनी आईला बोलावलं, जड दार ओढून घेतलं आणि तो भिंतीवरच्या कॅमेऱ्याचा तुकडा लावून दाखवला.

आईने पाहिलं. पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा पाहिलं. मग आपले हात उलटे-सुलटे करून बघितले, जणू दुकानात कुणी परक्याचे हात तिला विकत होतं.

"मला आधी का नाही सांगितलंत?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "मी हात बांधून घेतले असते."

"मला वाटलं, तुम्हाला लागेल," काकू म्हणाल्या.

"मला लागायची सवय आहे हो."

ती तशीच मोठ्या साहेबांकडे गेली. ती काय म्हणाली ते मला ठाऊक नाही. ते काय म्हणाले ते काकूंनी मला सांगितलं, कारण सांगायला दुसरं कुणी नव्हतं. "बाई, तक्रार मागे घेता येते. ठरलेलं मागे घेता येत नाही." पण मला उचकटायला माणसं येणार होती पुढच्या सोमवारी. तेवढे दिवस माझे होते. डॉक्टरांनी छोटीला तातडीने पुन्हा वॉर्डात घेतलं.

"आई, या वेळी तू घरी थांब ना," छोटी म्हणाली होती म्हणे. "आत्या बसेल." मग लगेच म्हणाली, "नको, तूच ये. तू नसलीस की फिट येतच नाही. तुझीच वाट बघते मेली."

आईने एक गोष्ट केली. सिस्टरनेच खाली येऊन काकूंना सांगितली, आणि सांगताना सिस्टरला हसूही येत होतं आणि डोळेही पुसावे लागत होते. वॉर्डात गारठा असायचा म्हणून आई स्वेटर घालायची. खाटेशेजारी बसल्यावर तिने पिशवीतून सुई-दोरा काढला, मुठीत घंटा धरली, आणि छोटीकडून आपल्या दोन्ही बाह्या स्वेटरच्या कडेला धावदोऱ्याने टाचून घेतल्या. हात पोटाशी. घंटा दाबता येईल, पण तळवे उडून जायचे नाहीत.

"अगं, टाके जवळ घाल," ती छोटीला म्हणाली. "एवढे लांब टाके कुणी घालतं का? एक झटका दिला की उसवतील. जन्मभर शिवणारणीच्या घरात राहून हेच शिकलीस?"

"आणि तुझ्या नाकाला खाज आली तर?"

"तू खाजव."

रोज सकाळी छोटी आईला टाचायची आणि संध्याकाळी उसवायची. रोज सकाळी काकू औषध कालवायच्या आणि संध्याकाळी ते शिशाच्या पेटीत टाकून द्यायच्या. गोळ्या अगदी कमी केल्या. झोप मोडली की फिट येते, म्हणून तिला जागं ठेवलं. सगळे त्या एका मान वळण्याकडे डोळे लावून बसले. आणि फिट आली नाही. जी स्वयंपाकघरात यायची, रस्त्यात यायची, बादलीवर यायची, ती बोलावल्यावर आली नाही. छोटी म्हणे आईला सॉरी म्हणाली. फिट येत नाही म्हणून!

शेवटच्या दिवशी, दुपार टळल्यावर, डॉक्टरांनी गोळ्या पुन्हा पूर्ववत सुरू केल्या. "नवा कॅमेरा आला की पहिलं नाव तुझं," ते तिला म्हणाले. इतक्या हळू म्हणाले की ते स्वतःलाच सांगत होते असं वाटलं. काकूंनी उरलेलं औषध पेटीत टाकलं, माझी कळ बंद केली, आणि माझ्या आतला बारीक घरघराट, जो मी जन्मल्यापासून ऐकत होतो, तो थांबला. पण मला ऐकू येत होतं, आणि दिसतही होतं.

घरी जाता जाता छोटी आणि आई माझ्या खोलीत आल्या. आईच्या बाह्यांना अजून उसवलेल्या दोऱ्याची टोकं लोंबत होती. ती माझ्यासमोर उभी राहिली आणि माझ्या पत्र्यावर तिने हात ठेवला. "मी भंगार म्हणाले होते याला," ती काकूंना म्हणाली. एवढंच म्हणाली.

छोटी दाराकडे बघत होती. "काकू, याला आतून कडी आहे?"

"आहे की. एका सुताराने बसवलीय."

"मी जरा... एकटी थांबू?"

काकूंनी आईकडे पाहिलं. आईच्या चेहऱ्यावर काय काय येऊन गेलं ते सांगण्याइतका मी हुशार नाही. मग ती म्हणाली, "खाली बसून राहा. उभी राहू नको." आणि बाहेर गेली. काकूही गेल्या.

छोटीने कडी लावली. दोनदा सरकवून पाहिली, त्या सुतारासारखीच. मग ती माझ्या फळीच्या पायथ्याशी, भिंतीला टेकून, जमिनीवर बसली. खोलीत खिडकी नाही, आवाज नाही. ती काही करत नव्हती. नुसती बसली होती. एकटं बसलेलं माणूस कसं दिसतं ते मी तेव्हा पाहिलं. माझ्याकडे येणारं कुणी कधी एकटं नसतं.

"आहेस ना?" दारापलीकडून आवाज आला.

"आहे."

थोड्या वेळाने पुन्हा, "आहेस ना?"

"आहे गं."

मग आवाज आला नाही. दाराखालच्या फटीतून आईच्या पायांची सावली दिसत होती, म्हणजे ती गेली नव्हती. ती तिथेच उभी होती आणि विचारत नव्हती. किती वेळ विचारलं नाही, देव जाणे. तिने जन्मात इतकं अवघड काम केलं नसेल. त्यापुढे बाह्या टाचून घेणं काहीच नव्हतं.

शेवटी छोटीच म्हणाली, "आहे, आई." आणि उठून तिने कडी काढली.

त्या गेल्या. काकू दिवे मालवत होत्या. इतक्यात बाहेरच्या लांबलचक व्हरांड्यातून तो आवाज आला, फिटच्या सुरुवातीला घशातून निघतो तो. काकूंच्या हातातल्या किल्ल्या खाली पडल्या. औषध संपलं होतं. मी बंद होतो. बोलावलं तेव्हा न आलेली ती आता आली होती, लिफ्टजवळ, गुळगुळीत दगडी फरशीवर.

मी दुसऱ्या आवाजाची वाट पाहिली. डोकं फरशीवर आपटल्याचा, धप्प असा. तो सगळ्या इमारतीला ऐकू येतो.

तो आला नाही. म्हणजे हात पोचले होते.

सोमवारी मला उचकटलं. खोलीचं दार आता बदललं आहे, कडीचं काय झालं ठाऊक नाही. नवा कॅमेरा अजून आलेला नाही. काकू मधे एकदा तळघरात आल्या होत्या, माझ्यावर प्लास्टिक नीट घातलं आणि म्हणाल्या, "छोटी तशीच आहे रे. आई तशीच आहे." बस. इथे गारठा फार आहे. परवा माझ्या एका डोळ्यात 'कट्' असा बारीक आवाज झाला. भट्टीवरची बाई म्हणाली होतीच.

मित्रांनो, माझ्याजवळ तुम्हाला द्यायला सुखाचा शेवट नाही. एक मागणं मात्र आहे. कधी तुमच्या वर्गात, रस्त्यात, जिन्यात कुणी असं कोसळलं, तर घाबरून पळू नका आणि हसू नका. तोंडात चमचा, किल्ली काही कोंबू नका. हातपाय दाबून धरू नका. डोक्याखाली दप्तर द्या, सदरा द्या, काही नसेल तर आपले हात द्या. झटके थांबले की कुशीवर वळवा. थांबले नाहीत तर मोठ्यांना सांगून डॉक्टरांना बोलवा. आणि ते माणूस शुद्धीवर येईल तेव्हा त्याला कुणीतरी शेजारी दिसू द्या.

पण नुसतं बघत उभं राहू नका. ते काम मी आयुष्यभर केलं आहे.